उत्क्रांती, श्रद्धा आणि दहावीचा वर्ग

‘उत्क्रांतिवाद’ हा शब्द मराठीत शंभराहून अधिक वर्षे रुळला आहे, आणि या विषयातला अर्धा घोळ त्या शब्दाच्याच पोटात आहे. ‘उत्’ म्हणजे वर. जुन्या तत्त्वज्ञानात उत्क्रांती म्हणजे जीवाने देह सोडून निघून जाणे. तोच शब्द जीवशास्त्रात आला तेव्हा वर चढण्याची कल्पनाही त्याच्याबरोबर आली: तळाशी जंतू, मग मासा, मग माकड आणि शेवटच्या पायरीवर माणूस. डार्विनने सांगितले ते निराळे होते. पिढ्यांमागून पिढ्या फरक साठत जातात आणि एका वंशाच्या अनेक शाखा फुटतात, असे त्याचे म्हणणे. त्यात चढण कुठेच नाही. शब्दाचा उत्तरार्ध ‘वाद’. साम्यवाद, अद्वैतवाद, भोगवाद यांच्या पंगतीला उत्क्रांतिवाद बसला की ऐकणाऱ्याला वाटते, हे एक मत आहे. पटले तर घ्यावे, नाहीतर दुसरे आहेच. गुरुत्वाकर्षणाला कोणी गुरुत्वाकर्षणवाद म्हणत नाही. पंधरा वर्षांचा विद्यार्थी शिडीची आणि मताची अशी दोन चुकीची चित्रे घेऊन वर्गात येतो, आणि पुष्कळदा तीच घेऊन बाहेर पडतो. म्हणून या पुस्तकात शक्य तिथे ‘वाद’ वगळून नुसते ‘उत्क्रांती’ म्हटले आहे.

धर्मश्रद्धा आणि उत्क्रांती यांच्यात भांडण आहे असे सगळेच धरून चालतात. श्रद्धावान ते धरून चालतो, नास्तिक धरून चालतो आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला शाळामास्तरही. या प्रस्तावनेत मला एवढेच मांडायचे आहे की ज्याला आपण भांडण म्हणतो त्याचा मोठा भाग श्रद्धा आणि वाईट शिकवलेली उत्क्रांती यांच्यातला आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे लिहून ठेवलेले नाही किंवा सांगितलेले नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून याला उत्तर दिले. ते उत्तर आवश्यकच होते. पण त्या विधानात धर्मग्रंथाचा आधार कुठे होता? ‘आजच्या माकडापासून एके दिवशी माणूस झाला’ अशी समजूत त्यात होती, आणि ती कोणत्याही धर्मग्रंथातून येत नाही. चिंपांझी आणि आपण यांचा समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. ती दोन चुलत घराणी आहेत, एक दुसऱ्याचा बाप नव्हे. ही गोष्ट शाळेत नीट कळली असती, तर हा आक्षेप सुचलाच नसता.

भांडण आणि शिकवणे यांचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो अमेरिकेच्या इतिहासात, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. १९२५ च्या जुलैमध्ये टेनेसी राज्यातल्या डेटन या छोट्या गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. मनुष्य खालच्या प्राण्यांपासून आला असे सरकारी शाळेत शिकवण्यास त्या राज्याने त्याच वर्षी बंदी केली होती. स्कोप्स दोषी ठरला, त्याला शंभर डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये वरच्या न्यायालयाने तांत्रिक कारणावरून ती शिक्षा रद्द केली, कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला. फिर्यादी पक्षाचे वकील विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना पुढे नाटक-सिनेमांनी अडाणी धर्मवेडा म्हणून रंगवले. हा त्यांच्यावर अन्याय आहे. ‘बलवान तो टिकेल’ या घोषणेने युद्ध आणि श्रीमंतांची बेपर्वाई यांचे समर्थन होते आहे, ही त्यांची भीती खरी होती. स्कोप्सच्या वर्गातले जॉर्ज हंटरचे ‘सिव्हिक बायॉलॉजी’ हे १९१४ चे पाठ्यपुस्तक उघडले तर तिथे उत्क्रांतीच्या सोबत मानववंशांची उतरंड आणि ‘निकृष्ट’ कुटुंबांची पैदास थांबवण्याची भलामण सापडते. जीवशास्त्राच्या नावाखाली मुलांना एक घातक नीतिपाठ दिला जात होता. ज्या पुस्तकाने विज्ञान आणि पूर्वग्रह असे कालवून दिले, त्याच्याविरुद्ध श्रद्धावान पालक उठले तर त्याचे नवल वाटू नये; नवल याचे की उठाव नेमका त्यातल्या खऱ्या भागाविरुद्ध झाला.

खटल्यानंतर जे घडले ते खटल्याइतके कोणाच्या लक्षात नाही. १९२६ च्या सुधारित आवृत्तीत हंटरच्या पुस्तकातून ‘उत्क्रांती’ हा शब्दच गेला. इतर प्रकाशकांनीही हात आखडता घेतला, कारण जे पुस्तक दक्षिणेत खपणार नाही ते छापायचे कशाला. कायदा थोड्याच राज्यांत होता, पण गप्प बसणे देशभर पसरले. ही शांतता १९५७ मध्ये सोव्हिएत स्पुटनिक आकाशात गेल्यावर मोडली. विज्ञानशिक्षणाच्या चिंतेने सरकारी पैसा आला आणि १९६० च्या दशकात नव्या जीवशास्त्र पुस्तकांत उत्क्रांती मध्यभागी परतली. मधली तीस-पस्तीस वर्षे ज्या पिढ्या शिकल्या त्यांना हा विषय शाळेत जवळजवळ मिळालाच नाही. पुढे जो विरोध उफाळला तो अशा न शिकलेल्या समाजातून उफाळला, हे कालक्रम ध्यानात घेतल्याशिवाय दिसत नाही.

आता पेनसिल्व्हानियातले डोव्हर पाहा. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या शाळामंडळाने ठरवले की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक छोटे निवेदन वाचून दाखवावे: डार्विनचा सिद्धांत म्हणजे तथ्य नव्हे, त्यात उणिवा आहेत, आणि सृष्टीमागे बुद्धिमान रचनाकार असल्याचे मांडणारे पुस्तक ग्रंथालयात ठेवले आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. विषयाचे जाणूनबुजून चुकीचे चित्र उभे करू नये असे आमची व्यावसायिक आचारसंहिता सांगते, हे त्यांचे कारण. जानेवारी २००५ मध्ये अखेर प्रशासनातल्या लोकांना वर्गात जाऊन ते वाचावे लागले. अकरा पालक न्यायालयात गेले आणि २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी मंडळाविरुद्ध निकाल दिला. या खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने उभे राहिलेले पहिले साक्षीदार, जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर, हे श्रद्धावान कॅथलिक. त्याच बाजूने साक्ष देणारे जॉन हॉट हे कॅथलिक धर्मतत्त्वज्ञ. फिर्यादी पालकांत चर्चला जाणारे लोक होते. न्यायाधीश स्वतः ल्यूथरपंथी, आणि त्यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी केलेली. डोव्हरमध्ये धर्म एका बाजूला आणि विज्ञान दुसऱ्या बाजूला असे काही नव्हतेच. चांगले शिकवावे असे वाटणारे आणि शिकवणे अडवू पाहणारे असे ते दोन पक्ष होते, आणि श्रद्धावान दोन्हीकडे होते.

न्यायालयात जिंकले म्हणून वर्गात जिंकले असे होत नाही. मायकेल बर्कमन आणि एरिक प्लुट्झर या राज्यशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सरकारी माध्यमिक शाळांमधल्या ९२६ जीवशास्त्र शिक्षकांची पाहणी करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे २८ टक्के शिक्षक उत्क्रांती ठामपणे आणि पुराव्यांसह शिकवत होते. सुमारे १३ टक्के वर्गात उघडपणे सृष्टिनिर्मितीची बाजू घेत होते. उरलेले सुमारे ६० टक्के मधले. ते विषय उरकून टाकत. ‘परीक्षेपुरते शिका, मानायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा’ असे म्हणून सुटका करून घेत. यांपैकी बरेच जण धर्माभिमानामुळे मागे सरत नव्हते. आपल्याला विषय पुरता येत नाही, प्रश्न आला तर उत्तर जमणार नाही, ही त्यांची धास्ती होती. ज्यांनी शिक्षक होताना उत्क्रांतीवर एखादा स्वतंत्र अभ्यासक्रम पुरा केला होता, त्यांच्यात आत्मविश्वास स्पष्टपणे जास्त आढळला. मला या पाहणीतला हा मधला गट सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विरोधकाशी वाद घालता येतो, पण जो शिक्षक अंग चोरतो त्याच्या वर्गात वाद पोहोचतच नाही.

आपल्याकडे हा मधला गट किती मोठा आहे हे कोणी मोजले तरी उत्तर सुखद येईल असे मला वाटत नाही. २०२२ मध्ये करोनाकाळातला भार हलका करण्याच्या कारणाने एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग काढला आणि प्रकरणाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ राहिले. २०२३ च्या एप्रिलमध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले. बारावीत प्रकरण आहेच की, असे उत्तर मिळाले. पण बारावीला जीवशास्त्र घेणारे किती? दहावीनंतर जो वाणिज्य, कला, आयटीआय किंवा शेती यांपैकी कुठे जातो, त्याच्यासाठी दहावी ही या विषयाशी शेवटची गाठ असते. महाराष्ट्र राज्य मंडळाचे कौतुक केले पाहिजे: २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग दोनचे पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ असे आहे, आणि त्यात अवशेषांगे, जोडणारे दुवे, भ्रूणविज्ञानातले पुरावे, नैसर्गिक निवड असे बरेच काही दिले आहे. पुस्तकात आहे म्हणून वर्गात पोहोचते असे मात्र नाही. ‘उत्क्रांतीच्या पुराव्यांची नावे लिहा’ अशा प्रश्नासाठी पाच नावे पाठ होतात. पुरावा हा शब्द विद्यार्थी लिहितो, पण एखादी गोष्ट कशामुळे पुरावा ठरते हे त्याला कोणी विचारत नाही. अशा रीतीने शिकलेली उत्क्रांती आणि आजीने सांगितलेली सृष्टीची कथा त्याच्या मनात एकाच जातीच्या होतात. दोन्ही कोणीतरी सांगितल्या म्हणून मानायच्या. मग त्यांची टक्कर होते, आणि त्या टकरीत आजी जिंकली तर मुलाला दोष देता येत नाही, कारण तिच्या सांगण्यात माया तरी असते.

पुरावा म्हणजे काय ते विदर्भातल्या मुलाला दाखवणे फारसे अवघड नाही. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूच्या जनुकामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारक प्रथिन तयार करते. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगरबीटी बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी असे, आणि ती शेताच्या कडेने पेरावी अशी शिफारस होती. का? कारण अळ्यांच्या प्रचंड संख्येत एखादी जन्मतःच ते विष पचवणारी असते. सगळे शेत बीटी असेल तर तीच तेवढी जगते, आणि पुढची पिढी तिच्यासारख्यांचीच होते. कडेच्या साध्या कापसावर साध्या अळ्या जगल्या तर त्यांचे पतंग त्या मोजक्यांशी संकर करतात आणि प्रतिकाराचे जनुक विरळ राहते. बहुतेक ठिकाणी ती पुडी पेरली गेली नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस उद्ध्वस्त केला. कोणत्याही अळीने प्रतिकार शिकून घेतला नाही, कोणी ‘वर’ चढले नाही; फरक आधीच होता, विषाने निवड केली आणि पंधरा वर्षांत चित्र पालटले. ज्या घराने त्या वर्षी कर्ज काढले त्या घरातल्या मुलाला नैसर्गिक निवड हा परीक्षेचा मुद्दा वाटणार नाही. तो शिडीची कल्पनाही टाकून देईल, कारण बोंडअळी कोणत्या पायरीवर चढली असे विचारण्यात काही अर्थच नाही हे त्याला दिसेल.

दुसरा पुरावा आपल्या शरीरातला. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात २४. समान पूर्वज खरा असेल तर ही एक जोडी कुठे गेली? नाहीशी होणे शक्य नाही, कारण इतकी जनुके हरवली तर जीव जगणार नाही. तेव्हा दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत. तसे असेल तर गुणसूत्राच्या फक्त टोकांवर आढळणारी खूण आपल्या एखाद्या गुणसूत्राच्या मध्यभागी सापडली पाहिजे आणि गुणसूत्रबिंदूची दुसरी, निकामी खूणही. दोन्ही खुणा आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर सापडल्या. डोव्हरच्या न्यायालयात मिलर यांनी हेच उदाहरण दिले होते. इथे विद्यार्थ्याला काही मानायला सांगितलेले नाही. आधी अंदाज, मग तपासणी. अंदाज चुकला असता तर समान पूर्वजाची कल्पना अडचणीत आली असती. जी गोष्ट अशी अडचणीत येऊ शकते तिचे शिक्षण श्रद्धेच्या शिक्षणापेक्षा निराळे असते. हा निराळेपणा मुलाला एकदा अनुभवता आला की श्रद्धेच्या जागी विज्ञान बसवावे अशी गरजच त्याला वाटत नाही.

‘ख्रिस्ती देशांतले भांडण आमच्यात नाही, आमच्या धर्मात सहा दिवसांची सृष्टी नाही, कल्पांचे प्रचंड काळ आहेत आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींत सगळे जीव नात्याचेच आहेत’ असे मराठी वाचक लगेच म्हणेल. यात तथ्य आहे, आणि भारतीय मनाला प्राचीन पृथ्वी स्वीकारणे सोपे गेले याचे ते एक कारणही आहे. पण पुढचे पाऊल चुकते. दशावतार म्हणजे डार्विनच, असे सांगितले जाते: मासा, कासव, वराह, अर्धा पशू अर्धा नर, बुटका आणि पूर्ण मानव. ही जुळवाजुळव फार जुनी नाही. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. १८७७ मध्ये मॅडम ब्लाव्हात्स्की यांच्या ‘आयसिस अनव्हेल्ड’मध्ये ती आढळते, आणि दोनच वर्षांनी त्यांचा थिऑसॉफीचा संसार मुंबईत आला. भागवताच्या पहिल्या स्कंधातल्या बावीस अवतारांच्या यादीत वराह दुसरा आणि मत्स्य दहावा आहे, म्हणजे पुराणकारांना तो क्रम प्राण्यांच्या वंशावळीचा मुळीच वाटत नव्हता. आणि डुकराचे पूर्वज कधी कासव नव्हते. या जुळवणीने दोघांचेही नुकसान होते. अवताराची कथा भक्ताला संकटात धावून येणाऱ्या देवाविषयी काही सांगते. तिला जीवाश्मांचा तक्ता बनवले की तो अर्थ हरवतो. इकडे विद्यार्थ्याला वाटते, हे तर आपल्याला आधीच ठाऊक होते, मग शिकायचे काय उरले? लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त सांख्यांची प्रकृती आणि जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलची मते शेजारी ठेवली, पण ती दोन तत्त्वविचारांची तुलना आहे, आणि तशी तुलना प्रौढ वाचकाने जरूर करावी. दहावीच्या वर्गात ती पुराव्याची जागा घेऊ लागली की घात होतो. भांडण नाही या समाधानात आपण शिकवणेच सोडून देतो, आणि उघड विरोधापेक्षा हे ओळखायला कठीण आहे.

श्रद्धेच्या बाजूने मेळ घालता येतो याचे पुरावे इतिहासात भरपूर आहेत. डार्विनचा अमेरिकेतला पहिला मोठा समर्थक, हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, प्रेस्बिटेरियन होता. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल ब्रनोच्या मठातला साधू. थिओडोशियस डोब्झान्स्की हा विसाव्या शतकातला थोर उत्क्रांतिशास्त्रज्ञ ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. उत्क्रांतीच्या प्रकाशावाचून जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही, असे सांगणारा त्याचा १९७३ चा लेख जीवशास्त्र शिक्षकांच्या नियतकालिकात आला होता, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये मानवी देहाच्या उगमाविषयी संशोधनाला वाट मोकळी ठेवली आणि दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती निव्वळ गृहीतकाच्या पलीकडे गेल्याचे मान्य केले. तरीही हा मेळ फुकट मिळतो असे मी म्हणणार नाही. डोळ्यासारखा अवयव पाहून कारागीर मानावाच लागतो, या १८०२ च्या पेलीच्या युक्तिवादावर जी श्रद्धा उभी होती, तिचा तो खांब नैसर्गिक निवडीने काढून घेतला. अळीच्या जिवंत शरीरात वाढून तिला आतून खाणाऱ्या गांधीलमाशीची रचना दयाळू देवाने हेतूने केली असेल हे डार्विनला पटेना. १८६० मध्ये त्याने ग्रेला तसे लिहिले. हे दुःख खरे आहे, आणि ते डार्विनच्याही आधीचे आहे. प्रत्येक धर्माने त्याच्याशी झगडा केला आहे. उत्क्रांतीने त्या प्रश्नाची धार वाढवली, त्याचे उत्तर दिले नाही, आणि उत्तर देणे हे तिचे काम नव्हते.

नास्तिक मित्र म्हणतील की ही पळवाट आहे. खरे विज्ञान शिकवले तर श्रद्धा गळून पडते, मग मेळाची भाषा कशाला? काहींची श्रद्धा गळून पडते, हे मान्य. पण वर वर्णन केलेली माणसे तेच विज्ञान शिकली, त्यांनी ते शिकवले आणि काहींनी तर ते घडवले. त्यांना उत्क्रांती कळली नव्हती असे म्हणण्याचे धैर्य कोणी करू नये. शिवाय शिक्षकाने वर्गात निरीश्वरवादाचा निष्कर्ष काढून दिला, तर तो हंटरच्या पुस्तकाचीच चूक करतो: पुराव्यावर आपल्या मनातला पाठ चढवतो. दोन क्षेत्रे पूर्णपणे वेगळी आहेत, एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, हे पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्डचे म्हणणेही मला पुरते पटत नाही. पृथ्वी काही हजार वर्षांची आहे असे एखादा धर्म सांगतो तेव्हा तो विज्ञानाच्या हद्दीत आलेला असतो, आणि तिथे त्याला खडकांसमोर उभे राहावे लागेल. ‘दोन्ही बाजू शिकवा’ ही मागणी इथेच कोसळते. बाजू दोन असायला दोघांकडे तपासता येणारा पुरावा लागतो.

पण ‘सर, मग देव आहे का?’ असे मुलीने विचारले तर? प्रश्न थट्टेवारी नेऊ नये, ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ म्हणून दडपू नये. उत्क्रांती मान्य करून देव मानणारे आणि न मानणारे असे दोन्ही प्रकारचे मोठे शास्त्रज्ञ झाले, ही खरी माहिती द्यावी, आणि तिचा निर्णय तिच्या हाती ठेवावा. याला धैर्य लागते, त्याहून जास्त विषयाची पकड लागते. वेळ नाही, प्रशिक्षण नाही, एका वर्गात साठ मुले आहेत, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. म्हणून हे पुस्तक पुरावे पाच नावांत उरकत नाही. थोडेच घेते आणि प्रत्येकाजवळ रेंगाळते. सुरुवात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यापासून आहे. तिथल्या दगड झालेल्या शेणगोळ्यांत डायनोसॉरांनी खाल्लेल्या गवताचे सूक्ष्म सिलिका कण सापडले, आणि गवते डायनोसॉरांच्या काळीच होती हे २००५ मध्ये कळले. आधीची समजूत त्यामुळे बदलावी लागली, आणि ती कशी व का बदलली हेच पहिल्या प्रकरणात आहे.